अक्कलदाढ काढल्यावरची ‘सुजेची गोळी’: पैसे वसूल होतात का?

दाढ काढा, रूट कॅनल करा नाहीतर हिरडीला गळू येऊदे, आपल्याकडे चिठ्ठीवर एक गोळी हमखास असतेच. मेडिकलवाला पट्टी कापून देतो आणि म्हणतो, ही सुजेची. आत असतं सेरॅशिओपेप्टिडेज नावाचं एन्झाइम. माझ्या भावाची खालची अक्कलदाढ काढली, आडवी होती, थोडं हाडही कापावं लागलं, त्यालाही हीच दिली होती. घरात सगळ्यांनी कधी ना कधी खाल्लेली गोळी आहे, त्यामुळे जरा नीट वाचून, डॉक्टरांना विचारून हा रिव्ह्यू लिहितेय. कुठल्या एका ब्रँडबद्दल नाही, आतल्या औषधाबद्दल.

आधी प्रॉडक्ट काय आहे ते. रेशमाच्या किड्याच्या आतड्यात सापडलेल्या एका बॅक्टेरियापासून हे एन्झाइम मिळालं, औषध म्हणून ते जपानमधून आलं. नुसती गोळी साधारण 10 मिग्रॅची मिळते, वर कोटिंग असतं कारण पोटातल्या अ‍ॅसिडमध्ये एन्झाइम मरतं, म्हणून ती तोडायची किंवा चावायची नाही. पण दाताच्या डॉक्टरांकडून बहुतेक वेळा कॉम्बो मिळतो, अ‍ॅसिक्लोफिनॅक 100, पॅरासिटामॉल 325 आणि सेरॅशिओपेप्टिडेज 15 मिग्रॅ, तिन्ही एकाच गोळीत. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, वाचा एकदा. आणि इथेच खरी गोम आहे. गोळी घेतल्यावर तासाभरात ठणका उतरतो आणि आपण म्हणतो, वा, सुजेची गोळी भारी आहे. उतरवलेला असतो अ‍ॅसिक्लोफिनॅकने आणि पॅरासिटामॉलने, कौतुक जातं तिसऱ्याला.

दावा असा की हे एन्झाइम फायब्रिन विरघळवतं, म्हणून सूज उतरते. फायब्रिन म्हणजे रक्त गोठताना जे धाग्यांचं जाळं तयार होतं ते. टेस्ट ट्यूबमध्ये एन्झाइम हे करतं, खरं आहे. पण तोंडाने घेतलेलं एवढं मोठं प्रोटीन आतड्यातून रक्तात फारच थोडं पोचतं. अक्कलदाढेवर छोटे अभ्यास झालेत, 2008 च्या एकात 24 पेशंट होते, त्यात गालाची सूज आणि दुखणं थोडं कमी दिसलं, तोंड उघडण्यात मात्र काही फरक नाही. 2013 मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी तोवरचे सगळे अभ्यास गोळा करून तपासले आणि पुरावा अपुरा आहे असंच लिहिलं. आणि ज्या जपानमधून हे आलं तिथे ताकेदा कंपनीने 2011 मध्ये स्वतःचं ‘डासेन’ बाजारातून काढून घेतलं, कारण नव्याने घेतलेल्या चाचणीत ते बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. आपल्याकडे अजून बिनधास्त चालू आहे, याचा मला खरंच राग येतो.

भावाचं सांगायचं तर गाल फुगायचा तेवढा फुगलाच, जबड्याचा कोपरा दगडासारखा, चमचा आत जाईना म्हणून मऊ भात बोटाने सारत होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते आणि मग आपोआप उतरायला लागते, गोळी असो नसो. आईने बर्फ लावलेला त्याचा त्याला जास्त आराम पडला असं तो स्वतः म्हणतो.

आता मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते सांगते. फायब्रिन विरघळवणारं एन्झाइम आपल्या शरीरात आधीच आहे, प्लाझमिन. रक्तात प्लाझमिनोजेन फिरत असतं, गरज पडली की त्याचं प्लाझमिन होतं आणि गुठळी साफ होते. बांधकामाला परांची लागते तसं जखमेला हे जाळं लागतं, लवकर काढलं तरी घात आणि काढलंच नाही तरी घात, आणि तोंडात हे दोन्ही होतं.

लवकर गेलं तर काय? ड्राय सॉकेट. ज्यांना झालाय त्यांना विचारा, दाढ काढल्यावर दोन-चार दिवसांनी कानापर्यंत जाणारी कळ, खड्ड्यात गुठळी नाही, उघडं हाड, तोंडाला घाण वास. डेन्मार्कच्या बर्न या डॉक्टरांनी 1973 मध्ये मांडलं की दाढ काढताना झालेल्या इजेमुळे नाहीतर इन्फेक्शनमुळे तिथल्या पेशींमधून प्लाझमिनोजेन जागं करणारे पदार्थ सुटतात, प्लाझमिन वाढतं, गुठळी विरघळते आणि त्याच गडबडीत किनिन नावाची दुखणं वाढवणारी द्रव्यंही तयार होतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना हे जास्त होतं. म्हणजे दाढ काढल्यावर पहिले दिवस आपल्याला गुठळी टिकवायची असते, आणि आपण कौतुकाने खातो काय तर गुठळी विरघळवणारी म्हणून विकलेली गोळी!

आणि जाळं साफच झालं नाही तर? काही मुलं जन्मतःच प्लाझमिनोजेन कमी घेऊन येतात. त्यांच्या हिरड्यांवर फायब्रिनचे जाड थर साचतात, दाताखालचं हाड झिजतं, कोवळ्या वयात दात हलायला लागतात, डोळ्यातही लाकडासारखे कडक पापुद्रे येतात. अमेरिकेत निकी मुत्सोपुलोस आणि थॉमस बग यांच्या टीमने 2021 मध्ये उंदरांवर दाखवलं की साचलेलं फायब्रिन न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना चिथावतं आणि त्या जंतूंसोबत आपलंच हाड पोखरतात. फायब्रिनला त्या पेशी जिथे चिकटतात ती जागाच बदलली तर हाड वाचलं. त्याच वर्षी या आजारासाठी प्लाझमिनोजेनचं शिरेतून द्यायचं औषध तिकडे मंजूर झालं. शिरेतून, लक्षात घ्या, गोळीने नाही.

जंतूही काही कमी नाहीत. पायरियातला पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस स्वतःच्या एन्झाइमने फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनतं ते) तोडतो, म्हणून ब्रश केला की हिरडीतून रक्त येतं, आणि त्या रक्तातलं लोह त्यालाच खायला. हार्ट अटॅकला देतात ते स्ट्रेप्टोकायनेज पण मुळात स्ट्रेप्टोकॉकस जंतूचंच हत्यार, शरीराने घातलेलं फायब्रिनचं कुंपण आपल्याच प्लाझमिनकडून तोडून घेऊन तो पुढे घुसतो. त्यामुळे हिरड्यांसाठी म्हणून कोणी नॅटोकायनेजच्या (असंच फायब्रिन विरघळवणारं म्हणून विकलं जाणारं एन्झाइम) बाटल्या विकत असेल तर कृपया पैसे घालवू नका, स्केलिंग करून घ्या, शुगर असेल तर ती ताब्यात ठेवा.

रेटिंग: 5 पैकी 2. ते दोनही एवढ्यासाठी की बहुतेकांना त्रास होत नाही आणि छोट्या अभ्यासांत थोडी सूज उतरलेली दिसते. डॉक्टरांना सरळ विचारा, नुसतं पेनकिलर चालेल का. चांगले डॉक्टर चिडत नाहीत, आमच्या डॉक्टरांनी तर लगेच गोळी बदलून दिली. कॉम्बो घेत असाल तर वरून क्रोसिन (तेही पॅरासिटामॉलच) किंवा आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नका, लिव्हरची नाहीतर पोटाची वाट लागते.

फुकटातल्या गोष्टींना मी पाच देईन: कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून ठेवणं, पहिला दिवस थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, जोरात चूळ नाही, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळूच. तंबाखू, मशेरी, सिगारेट पूर्ण बंद.

आणि घरात कोणी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिनवर असेल तर दाढ काढायच्या आधीच सांगा, एन्झाइमची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना देऊ नका, आणि रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद तर अजिबात करू नका. त्यांच्यासाठी उलट कामाचं औषध आहे, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचं 5 टक्क्यांचं माउथवॉश, ते प्लाझमिनला गुठळीवर काम करू देत नाही. दिवसातून चार वेळा, दोन दिवस, तोंडात दोन मिनिटं धरून ठेवायचं. सगळीकडे मिळत नाही, म्हणून आधीच चौकशी करून ठेवा.