अल्डोस्टेरॉन-रेनिन रेशो: चाचणी उत्तम, पण तयारी सांभाळली तरच

तीन औषधं घेऊनही बीपी उतरत नसेल, किंवा पोटॅशियम वारंवार कमी येत असेल, तर ही रक्तचाचणी करायलाच हवी. मूत्रपिंडांवरची अ‍ॅड्रिनल ग्रंथी जास्त अल्डोस्टेरॉन (शरीरात मीठ धरून ठेवणारं हार्मोन) सोडू लागली की रेनिन (मूत्रपिंडातून येणारं, अल्डोस्टेरॉन वाढवायला लावणारं एन्झाइम) दबतं आणि या दोघांचा रेशो चढतो. १९५५ मध्ये डॉ. कॉन यांनी वर्णन केलेल्या या आजाराचा माग एका नमुन्यात लागू शकतो, म्हणून चाचणीला पूर्ण गुण.

गोंधळ होतो तो नमुना घेताना. सकाळी उठून किमान २ तास झालेले हवेत, मग ५ ते १५ मिनिटं बसवून रक्त घ्यायचं. मूठ आवळायला लावली की पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं. नळी बर्फात ठेवणं तर फारच महागात पडतं: थंडीत निष्क्रिय प्रोरेनिन (रेनिनचं आधीचं रूप) जागं होतं, रेनिन वाढलेलं येतं आणि आजार निसटतो. पोटॅशियम आधी भरून काढावं, नाहीतर अल्डोस्टेरॉनच कमी भरतं. स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनचं काम अडवणारं औषध) रेनिन वाढवून रेशो खाली आणतं, म्हणून ते साधारण ४ आठवडे आधी थांबवतात, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. बीटा-ब्लॉकर या बीपीच्या औषधांनी उलटं होतं: रेनिन दबतं, रेशो उगाच वाढतो.

रिपोर्टमधली युनिट्स नीट पाहा; रेनिन अ‍ॅक्टिव्हिटी (रेनिन किती काम करतं) आणि रेनिन कॉन्सन्ट्रेशन (रक्तात रेनिन किती आहे) यांचे कटऑफ, म्हणजे रेशो जास्त मानायच्या मर्यादा, वेगळे असतात.