पाचवा लागल्यावर, भरल्यावर नव्हे: सोलापुरातल्या खास सोनोग्राफीची पारख

रेल्वे लाइन्सपासून दत्त चौक, नवी पेठेपर्यंत आणि पलीकडे होटगी रोड, विजापूर रोडला सोनोग्राफीच्या पाट्यांची वानवा नाही. अक्कलकोट, तुळजापूर, मोहोळ तर आहेच, कर्नाटकातल्या इंडीकडच्या बायकाही तपासायला सोलापूरलाच येतात. पण पाटीवर सगळीकडे ‘सोनोग्राफी’ लिहिलेलं असलं तरी आतली तपासणी सारखी नसते. दवाखान्यात दोन मिनिटं प्रोब टेकवून ठोके दाखवतात ती वेगळी, आणि गरोदरपणातल्या एनटी (बाळाच्या मानेमागचा पाण्याचा थर मोजणारी), ॲनोमली (बाळाचे अवयव नीट घडलेत का ते बघणारी), फीटल इको (बाळाच्या हृदयाची), डॉप्लर (रक्तप्रवाहाची) या वेगळ्या. इथे लिहिलंय ते या दुसऱ्या गटाबद्दल. केंद्राचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. पारखायचा तो तपासणाऱ्याचा हात, त्याने दिलेला वेळ आणि शेवटी तुमच्या हातात पडणारा कागद.

निकाल आधीच सांगून टाकतो. मोठ्या केंद्रांच्या मशिनला नाव ठेवायला जागा नाही. भाषेत सोलापूर मोठ्या शहरांना भारी आहे: मराठीत सुरू केलेलं वाक्य समोरची बघून तेलुगूत किंवा कन्नडमध्ये संपवणारे डॉक्टर आणि सिस्टर इथे मिळतात, आणि ‘बाळाच्या किडनीत थोडं पाणी दिसतंय’ हे आपल्या भाषेत ऐकलं की निम्मी धास्ती जागीच उतरते. वेळेच्या बाबतीत मात्र बरीच केंद्रं काठावर पास. आणि रिपोर्टमध्ये तर जमीन-अस्मानाचा फरक.

सगळ्यात जास्त घोळ केंद्रात पोचायच्या आधीच होतो, महिने मोजण्यात. डॉक्टर आठवडे मोजतात, घरी महिने मोजतात. ‘तिसऱ्या महिन्यात एनटी करा’ म्हटलं की सासू म्हणते, तिसरा भरू दे, मग जाऊ. एनटी होतो ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत, बाळाची लांबी म्हणजे सीआरएल ४५ ते ८४ मिलिमीटर असताना. तिसरा महिना भरला म्हणजे १३ आठवडे झाले. हातात जेमतेम सहा दिवस उरले, त्यात एक रविवार. ‘पाचव्या महिन्याची सोनोग्राफी’, म्हणजे ॲनोमली, हीही पाचवा लागल्यावर, १८ ते २० आठवड्यांत. पाचवा भरल्यावर आलात तर २२वा आठवडा लागलेला असतो. तोवर अवयव दिसायचे थांबत नाहीत, पण दोष निघालाच तर पुढचं सगळं घाईत उरकावं लागतं. पाण्याची तपासणी म्हणजे ॲम्निओसेंटेसिस केली तर पूर्ण कॅरिओटाइप, म्हणजे बाळाच्या गुणसूत्रांचा अहवाल, यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. आणि गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर दोषासाठी दोन डॉक्टरांच्या मतावर गर्भपाताची मुदत २४ आठवड्यांपर्यंत आहे. त्यापुढे प्रकरण मेडिकल बोर्डाकडे जातं. म्हणून अपॉइंटमेंट घेताना महिना सांगू नका, पाळीची तारीख सांगा. जी रिसेप्शनिस्ट तारीख विचारून आठवडे मोजते आणि ‘पुढच्या मंगळवारी या, आज लवकर होईल’ म्हणते, त्या केंद्राला आमचा पहिला गुण.

एनटीत काय चालतं ते नीट समजून घ्या, कारण चांगलं आणि उरकलेलं काम इथेच ओळखू येतं. बाळाच्या मानेमागे त्वचेखाली पाण्याचा पातळ थर असतो, त्याची जाडी मोजायची. मोजायचं ते मिलिमीटरच्या दशांशात. बाळ अगदी बाजूने, नाकाच्या रेषेत दिसायला हवं. पडद्यावर फक्त डोकं आणि छातीचा वरचा भाग मावेल इतकं मोठं केलेलं हवं. मान सरळ हवी: मागे ताणली असेल तर माप खोटंच वाढतं, हनुवटी छातीला टेकली असेल तर कमी येतं. शिवाय बाळाभोवतीचा पडदा, ॲम्निऑन, त्वचेला खेटून असेल तर तीच त्वचा समजून माप चुकतं. बाळ उसळेपर्यंत थांबावं लागतं. म्हणूनच यात पंधरा-वीस मिनिटं जाणं रास्त आहे. पाच मिनिटांत ‘एनटी १.२, नॉर्मल’ म्हणून उठवलं, तर रिपोर्टसोबतचा फोटो बघा. बाळ त्यात पूर्ण पायापर्यंत दिसत असेल तर ते माप भरवशाचं नाही, हे रेडिऑलॉजी न शिकलेल्या माणसालाही ओळखता येतं.

जाडी ३.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पुढच्या तपासण्या आणि समुपदेशन लागतंच. त्याखालचा आकडा एकटा बघत नाहीत. नाकाचं हाड, डक्टस व्हेनोसस या बाळाच्या यकृताजवळच्या रक्तवाहिनीतला प्रवाह आणि डबल मार्कर, म्हणजे आईच्या रक्तातल्या दोन पातळ्यांची तपासणी, यांची सांगड घालून डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषाचा धोका काढतात. लंडनच्या फीटल मेडिसिन फाउंडेशनचं एनटीचं प्रमाणपत्र डॉक्टरांकडे आहे का, हे विचारायला लाजू नका. ज्यांच्याकडे आहे ते आनंदाने सांगतात.

आता डबल मार्करचा फॉर्म. यात इकडची एक खास अडचण आहे. धोक्याच्या गणितात आईचं वय फार वजनदार असतं, आणि आपल्याकडे कित्येकींच्या आधारवर जन्मतारीख १ जून असते, शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली. खरं वय दोन वर्षांनी जास्त असेल तर आलेला धोका खऱ्यापेक्षा कमी दिसतो. कागदोपत्री नाव-पत्ता आधारप्रमाणेच द्या, पण लॅबला खरं वय तोंडी सांगून फॉर्मवर लिहायला लावा. वजनाचंही तेच: अंदाजे ‘पंचावन्न लिहा’ चालत नाही, रक्तातल्या पातळ्या वजनानुसार दुरुस्त होतात, त्या दिवशी काट्यावर उभं राहायलाच हवं. वजनकाटा कोपऱ्यात धूळ खात असलेलं केंद्र असेल तर समजून जा. आणि रिपोर्टवर ‘१:२००, हाय रिस्क’ आलं तर त्याचा अर्थ अशा दोनशे बायकांत एकीच्या बाळाला दोष असू शकतो. उरलेल्या १९९ जणींची रडारड फुकट जाते. हा चाळणीचा आकडा आहे, निदान नव्हे.

एनटीच्याच भेटीत बीपी आणि गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर घेऊन पुढे बीपी वाढण्याचा धोकाही काढता येतो. धोका जास्त निघाला तर डॉक्टर १६ आठवड्यांच्या आत रात्रीची ॲस्पिरिन, बहुधा १५० मिलिग्रॅम, सुरू करतात. सोलापुरात ही सोय आहे, पण मागितल्याशिवाय सगळीकडे मिळत नाही. चिठ्ठीवर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तसं लिहून आणा.

नात्यातल्या लग्नाचं प्रमाण आपल्या भागात दुर्लक्ष करण्याजोगं नाही. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर ते डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा. सख्ख्या मामे-आते भावंडांत जन्मजात दोषाची शक्यता साधारण दोन-तीन टक्क्यांवरून चार-सहा टक्क्यांवर जाते. सोनोग्राफीत बांधणीचा दोष दिसतो. थॅलेसेमिया, बहिरेपणा, चयापचयाचे आजार दिसत नाहीत. थॅलेसेमियासाठी नवरा-बायकोच्या रक्ताची एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून बघणारी) तपासणी वेगळी करावी लागते. ‘सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे बाळ शंभर टक्के ठणठणीत’ असं जिथे सांगतात तिथे आम्ही गुण कापतो.

ॲनोमलीला उपाशी जायची गरज नाही. तरी सकाळपासून चहासुद्धा न घेता आलेली, चक्कर येऊन बाकावर आडवी झालेली बाई दर आठवड्याला दिसते. लघवी तट्ट भरून ठेवायचीही गरज नसते. ते सुरुवातीच्या महिन्यांत पोटावरून होणाऱ्या तपासणीसाठी. गर्भपिशवीचं तोंड आतून मोजायचं असेल तर उलट लघवीला जाऊन यावं लागतं. हे माप २५ मिलिमीटरपेक्षा कमी आलं तर मुदतपूर्व प्रसूतीची काळजी, म्हणून आतल्या तपासणीला नको म्हणू नका.

नीट झालेल्या ॲनोमलीच्या रिपोर्टमध्ये मेंदूतल्या पोकळीचं माप असतं (१० मिलिमीटरच्या आत हवं), लहान मेंदू, वरचा ओठ, मणक्याची रांग, हृदयाचे चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या दोन्ही मोठ्या वाहिन्या, जठर, दोन्ही मूत्रपिंडं, मूत्राशय, नाळ पोटाला जोडते ती जागा, हातपाय, वार आणि पिशवीचं तोंड. यातलं हृदय पहिलं चुकतं. नुसते चार कप्पे बघून पुढे गेलं की वाहिन्यांची अदलाबदल झालेलं हृदय सुटू शकतं, कारण त्यात कप्पे बऱ्याचदा ठीकठाकच दिसतात. बाळ पालथं असेल तर पाठीच्या हाडांची सावली नेमकी हृदयावर पडते. अशा वेळी चांगलं केंद्र अर्धा तास फिरून यायला सांगतं, पुन्हा बघतं, तरी नाही जमलं तर रिपोर्टवर स्पष्ट लिहितं: ‘बाळाच्या स्थितीमुळे हृदयाच्या वाहिन्या दिसल्या नाहीत, अमुक दिवसांनी पुन्हा.’ दुसऱ्या फेरीचे पैसे घेत नाही. असा ‘अपुरा’ रिपोर्ट बघून लोक चिडतात, पण हाच प्रामाणिक रिपोर्ट. उरकणाऱ्या केंद्राच्या कागदावर सगळ्यांची वाक्यं तीच, फक्त नाव आणि मापं बदललेली. त्यातून कधी एका बाळाच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्याच बाळाची ओळ राहून जाते. जुळ्यांच्या रिपोर्टमध्ये एकच वार आहे की दोन, हे लिहिलंय का ते मात्र जरूर तपासा. ते ठरवायची उत्तम वेळ पहिले तीन महिने.

डायबेटिस, आधीच्या बाळाला हृदयदोष, वाढलेला एनटी यापैकी काही असेल तर फीटल इको वेगळा, साधारण २० ते २४ आठवड्यांत. ॲनोमलीत ‘इको पण झाला’ असं ऐकवलं तर बिलावर आणि कागदावर तो वेगळा दाखवायला सांगा.

पुढचा घोळ तारखेचा. मुलगी पुण्याला दिलेली, डोहाळजेवण उरकून सातव्यात बाळंतपणाला सोलापूरला माहेरी येते आणि फाइल राहते पुण्यात. इथलं केंद्र मग त्या दिवसाच्या मापांवरून तारीख काढतं. समजा, खरे ३२ आठवडे झालेत पण बाळ ३० आठवड्यांएवढं भरतंय. मशीन प्रसूतीची तारीख दोन आठवडे पुढे ढकलतं, रिपोर्ट म्हणतो ‘३० आठवडे, वाढ योग्य’, आणि खुरटलेलं बाळ कागदावर धष्टपुष्ट होतं. तारीख पहिल्या तीन महिन्यांच्या सीआरएलवरून एकदा ठरली की नंतर बदलायची नसते. तो पहिला रिपोर्ट मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, एवढ्यानेही भागतं.

शेवटच्या महिन्यांतल्या वजनाच्या आकड्यावर फार विसंबू नये. १०-१५ टक्के इकडे-तिकडे होतंच. ३ किलो लिहिलेलं बाळ २.६ किंवा ३.४ भरू शकतं. गळ्याभोवती नाळेचा वेढा, हेही नुसत्या त्या कारणावर सीझर करण्याजोगं नसतं. २० आठवड्यांना ‘वार खाली’ आली तर ३२ च्या सुमारास पुन्हा बघतात, बहुतेकींची तोवर वर सरकलेली असते. मात्र आधीचं सीझर आणि वार पुढच्या बाजूला खाली, असं असेल तर ती टाक्यांच्या जागी रुतली आहे का, हे अनुभवी डॉक्टरांकडूनच बघून घ्या. तिथे कंजूषी नको. मे महिन्यात ४२ अंशांत एसटीने येऊन तासभर बाकावर बसलेल्या बाईचं ‘पाणी कमी’ निघालं तर आधी तिला पाणी पाजून पुन्हा मोजायला सांगा. आईच्या पोटात पाणी गेलं की गर्भजलाचा निर्देशांक वाढतो. तो ५ ते २५ सेंटिमीटरमध्ये हवा. पण डॉप्लरमध्ये नाळेतला प्रवाह मधेच थांबत असेल तर ‘रिपोर्ट संध्याकाळी घेऊन जा’ हे उत्तर चालत नाही. डॉक्टरांनी तिथूनच तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन लावायला हवा. सोलापुरातल्या चांगल्या केंद्रांची ही सवय पक्की आहे, आणि ती आम्हाला मशिनपेक्षा मोलाची वाटते.

‘एफ’ फॉर्मवर किती मुलगे, किती मुली, त्यांची वयं असं विचारतात तेव्हा काहींना राग येतो. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्याने ते भरावंच लागतं. आधार, डॉक्टरांची चिठ्ठी आणि स्वतःची सही किंवा अंगठा लागतो. चिठ्ठी विसरून बार्शीहून आलेल्यांना परत पाठवतात, त्यात केंद्राचा दोष नाही. मोबाइल बाहेर ठेवायला लावतात, तेही योग्यच.

फोर-डी फोटोसाठी जास्तीचे पैसे द्यायचे तर हौस म्हणून द्या. त्याने तपासणी चांगली होत नाही. दर विचारताना मात्र एवढं विचाराच: डॉप्लर धरून की वेगळा, जुळ्यांना किती, पुन्हा बोलावलं तर किती.

सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, गरोदर बाईची सोनोग्राफी सरकारी योजनेतून मोफत आहे, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. ९ ला सुट्टी आली तर कामाच्या पुढच्या दिवशी. त्या दिवशी गर्दी इतकी असते की ॲनोमलीला लागणारी तीस-चाळीस मिनिटं मिळतील ही अपेक्षा ठेवू नये. ॲनोमलीसाठी दुसरा दिवस मागून घ्या, १८ आठवडे पूर्ण होताच नंबर लावा, आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद फाइलच्या अगदी वर ठेवा.