क्रॉस कुत्रा पाळणाऱ्यांनी म्हापशाच्या या दवाखान्यात जरूर जावं

आमचा बंड्या लॅब्रॅडोर आणि गावठीचा क्रॉस. डिचोलीत जो तो सांगतो, 'क्रॉस ना, मग त्याला काय होतंय!' म्हापशाच्या बाजाराच्या मागच्या बाजूला असलेल्या या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत हा समज खोडून काढला. क्रॉसमध्ये दोन्हीकडचं येतं, त्या म्हणाल्या. लॅबचे लोंबते कान, हावरेपणा आणि खुब्याचं दुखणं येऊ शकतं. आणि गोचीड तर जात बघून चावत नाही.

कानाचं आधी सांगते. पावसाळा सुरू झाला की बंड्याचं डोकं हलवणं आणि कान खाजवणं सुरू. आधी एका ठिकाणी कानात न बघताच थेंब लिहून दिले होते. इथे मॅडमनी कापसाच्या काडीवर काळपट मळ घेतला, काचेवर पसरला, रंगवला आणि मलाच सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. भुईमुगाच्या शेंगेसारखे जांभळे ठिपके! ही यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. दमट हवेत झाकलेल्या कानात ती फोफावते, म्हणून आंघोळ घातली किंवा ओढ्यात डुंबून आला की कान कोरडे करायचेच. औषध त्यानंतर.

गोचीडतापाच्या वेळी तर त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. बंड्याने पेजसुद्धा तोंडाला लावली नव्हती. मॅडमनी ओठ वर करून हिरड्या दाबून पाहिल्या, पोटाच्या कातडीवरचे बारीक लाल डाग दाखवले आणि लगेच रक्त घेतलं. प्लेटलेट खाली आल्या होत्या, एर्लिकियाची, म्हणजे गोचीड चावल्याने अंगात शिरणाऱ्या जंतूची, तपासणी पॉझिटिव्ह. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या २८ दिवस, तेही जेवणाबरोबरच, रिकाम्या पोटी नाही. चार दिवसांत कुत्रा उड्या मारू लागला तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, हे त्यांनी माझ्या आईला दोनदा बजावलं. 'काकी, पेज द्या, पण मीठ नको, आणि बांगड्याचा काटा काढून.' गोचीड भिंतीच्या फटींत अंडी घालते, म्हणून फवारणी घरातही हवी. पण त्याआधी त्यांनी विचारलं, घरात मांजर आहे का? आहे म्हटल्यावर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं काहीही आणायचं नाही, असं सांगितलं. कुत्र्याला चालणारं हे औषध मांजराच्या जिवावर बेततं. हा प्रश्न आम्हाला याआधी कुणीच विचारला नव्हता.

खुब्याबद्दल थोडक्यात: पायऱ्या चढताना बंड्या मागचे दोन्ही पाय एकदम उचलतो. त्यांनी त्याला चालवून पाहिलं, वजन कमी करायला सांगितलं आणि एक्स-रेसाठी दुसरीकडे पाठवलं. एक्स-रेची सोय इथे नाही, ही उणीवच. शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही आणि बाकावर दोन मोठे कुत्रे आले की तिसऱ्याने बाहेर उभं राहायचं.

गोवा २०२१ मध्ये देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं, तरी त्या दरवेळी वहीतली लशीची तारीख बघतातच. खर्च आधी सांगतात, नको ती टॉनिकं माथी मारत नाहीत. जाताना जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, त्या सगळं वाचतात.