‘स्टेज टू’ क्लचच्या नावाखाली जुनीच प्रेशर प्लेट: कोल्हापुरातली एक फसवणूक

“बेडिंग व्हायचंय अजून. हजारभर किलोमीटर चालवा, मग बघा.” नवा क्लच स्लिप मारतोय, म्हणजे इंजिन फिरतंय पण पूर्ण ताकद चाकांपर्यंत पोचत नाही, म्हणून तक्रार घेऊन गेलात आणि हे उत्तर (नवी प्लेट अजून घासून नीट बसायची आहे) मिळालं, तर तिथंच सावध व्हा. कोल्हापुरातल्या एका स्कोडा लॉरा आरएसच्या मालकाला ते तीनदा मिळालं. तिसऱ्यांदा मिळालं तोवर दुकानाने तोंडी दिलेली तीन महिन्यांची वॉरंटी संपली होती. दुकानाचं नाव इथे देत नाही. रीत मात्र सगळी सांगतो, कारण ती कुठेही चालू शकते.

गाडी 1.8 टीएसआय, 6 गिअरची मॅन्युअल. कंपनीचा आकडा 160 पीएस आणि 250 न्यूटन मीटर. रीमॅपनंतर (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलून ताकद वाढवल्यावर) टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, 330 च्या आसपास गेला आणि मूळ क्लच वरच्या गिअरमध्ये सुटू लागला. म्हणजे अपग्रेडची गरज खरी होती. दुकानाने ‘स्टेज टू’, म्हणजे जास्त टॉर्क पेलणारं, किट सांगितलं ते असं: जास्त दाबाची इम्पोर्टेड प्रेशर प्लेट (ही क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते), ऑरगॅनिक क्लच प्लेट, ड्युअल मासच्या (मध्ये स्प्रिंग असलेल्या दोन भागांच्या) जागी हलकं सिंगल मास फ्लायव्हील, नवीन रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं). एकूण 1 लाख 18 हजार, त्यातले 40 हजार यूपीआयने, बाकी रोख. पावती कच्ची.

पुढे दुसऱ्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स खाली घेतला, तेव्हा सगळं उघडं पडलं. प्रेशर प्लेटच्या कव्हरला ताजा केशरी रंग मारलेला, आणि मूळ कंपनीचा शिक्का ग्राइंडरने घासलेला. पण खरा पुरावा डायफ्रामच्या, म्हणजे प्रेशर प्लेटला दाब देणाऱ्या स्प्रिंगच्या, बोटांवर होता. रिलीज बेअरिंग जिथे टेकतं तिथे वर्षानुवर्षांच्या घर्षणाने चकचकीत गोल चर पडतो. तीन महिन्यांत तसा खोल चर पडत नाही. प्रेशर प्लेटच्या घासणाऱ्या पृष्ठावर निळे डाग होते, म्हणजे लोखंड आधीच जाम तापून गेलेलं. क्लच प्लेट जुनीच, फक्त नवं लायनिंग (घासणारा थर) रिव्हेट मारून बसवलेलं. आणि फ्लायव्हील? हाताने पिळलं तर मागचा भाग पुढच्या भागावर थोडा फिरून स्प्रिंगने परत येत होता. सिंगल मास अखंड असतं, ते असं फिरूच शकत नाही. मूळचं ड्युअल मासच जागेवर होतं.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. प्लेट रिलाइन करणं, म्हणजे जुन्या प्लेटवर नवं लायनिंग बसवणं, हा गुन्हा नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ट्रक-ट्रॅक्टरच्या प्लेटा रिलाइन करून देणारे चोख कारागीर आहेत, आणि ते रिलाइन म्हणूनच पैसे घेतात. लबाडी आहे ती रिलाइन केलेली प्लेट इम्पोर्टेड म्हणून विकण्यात.

हे लगेच कळत का नाही, याचं उत्तर साध्या गणितात आहे. क्लच किती टॉर्क धरेल ते ठरतं चार गोष्टींवर: घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा दाब, लायनिंगची सरासरी त्रिज्या आणि प्लेटच्या घासणाऱ्या दोन बाजू. उदाहरणादाखल गुणांक 0.3, दाब 6000 न्यूटन, त्रिज्या 95 मिलिमीटर धरा: 2 × 0.3 × 6000 × 0.095, म्हणजे 342 न्यूटन मीटर. आता डायफ्राम तापून मऊ पडला आणि दाब 4500 वर आला, तर हाच आकडा 256 होतो. हळू चालवताना, शहरात, अर्ध्या थ्रॉटलला असा क्लच गुपचूप चालतो. पूर्ण टॉर्क मागितला की सुटतो. लायनिंग नवं घातल्याने दाब परत येत नाही, हे बसवणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

बेडिंग खरं असतं, हेही सांगायला हवं. ऑरगॅनिक प्लेटला साधारण 500 ते 800 किलोमीटर शहरातलं शांत ड्रायव्हिंग लागतं. पण ते झाल्यावर पकड वाढायला हवी. इथे वाघबीळवरून पन्हाळ्याला चढताना जळका वास पहिल्या आठवड्यात येत होता आणि पुढे वाढतच गेला. प्रत्येक स्लिपमध्ये प्लेट आणखी जळते. म्हणून “चालवत राहा” हा सल्ला दुकानाला दुहेरी फायद्याचा: मुदत संपते, आणि नंतर “तुम्हीच जाळली” म्हणता येतं.

गाडी ताब्यात घेताना काय बघायचं? हलकं सिंगल मास फ्लायव्हील बसवलं असेल, तर न्यूट्रलला आयडलवर गिअरबॉक्समधून थोडा खडखडाट येतो आणि पेडल दाबलं की थांबतो. आवाजात काहीच फरक नसेल तर विचारा. दाब वाढवलेल्या प्रेशर प्लेटने पेडल सहसा जड होतं. अगदी पूर्वीइतकंच हलकं लागलं तरी विचारा. बेडिंग संपल्यावर, इंजिन गरम असताना, मोकळ्या सरळ रस्त्यावर पाचव्या गिअरला 2000 आरपीएमवरून पूर्ण थ्रॉटल द्या. काटा उडी मारून वर गेला आणि वेग मागे राहिला, तर क्लच सुटतोय. हे दोनदाच करा, जास्त नाही.

यापेक्षा महत्त्वाचं आधी करायचं असतं. गिअरबॉक्स उतरवून बसवायला दिवसभराचं काम आहे. सकाळी दिलेली गाडी दुपारी तीनला तयार झाली तर त्यात काही तरी राहून गेलंय. गिअरबॉक्स खाली असताना स्वतः जा. खोकं तुमच्यासमोर फोडायला लावा, भागांवरचे नंबर फोटोत घ्या, आणि बसवण्याआधी बोटांवर चर नाही हे बघा. फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच हवेत: या घराण्याच्या इंजिनात ते आधी 60 न्यूटन मीटर आणि मग आणखी 90 अंश ताणून बसवतात, एकदा ताणलेला बोल्ट परत वापरायचा नसतो. क्रँकचं मागचं ऑइल सील त्याच वेळी तपासून घ्या, कारण तेल लायनिंगवर आलं तर अस्सल किटही स्लिप होईल. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळायचे. एका बाजूने आवळले की कव्हर वाकतं. जुने भाग, अगदी जुने बोल्टसुद्धा, घरी घेऊन या. “ते भंगारात गेले” हे उत्तर मान्य करू नका. या गाडीच्या मालकाने ते मान्य केलं, आणि त्याचेच भाग रंगवून त्याच्याच गाडीत गेले.

बिल जीएसटीचंच मागा. क्लच आणि त्याच्या भागांचा एचएसएन कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) 8708 93 ने सुरू होतो. बिलावर पार्ट नंबर, ब्रँड आणि वॉरंटीची मुदत लेखी असू द्या. महाराष्ट्रातला जीएसटी नंबर 27 ने सुरू होतो आणि एकूण 15 अक्षरांचा असतो, तो जीएसटी पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येतो.

आणि फसवणूक झालीच असेल, तर दुसऱ्या गॅरेजने गिअरबॉक्स उघडतानाच व्हिडिओ घ्या, ओडोमीटरपासून सुरुवात करून. तपासणीचा लेखी अहवाल सहीशिक्क्यासह घ्या, भाग पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. या लॉराच्या मालकाकडे पक्कं बिल नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं कोटेशन आहे, त्यात “न्यू इम्पोर्टेड प्रेशर प्लेट” असे शब्द आहेत, 40 हजारांची यूपीआय नोंद आहे, आणि चर पडलेली ती केशरी प्लेट त्याच्या कपाटात आहे.