तरवड म्हणून घेतलेली पाच रोपे

पुण्याजवळच्या एका रोपवाटिकेतून मागच्या वर्षी जूनमध्ये मी तरवडाची पाच रोपे प्रत्येकी ८० रुपयांना घेतली. कुंपणालगतच्या मुरमाड पट्टीत फारसे पाणी न घालता तगेल आणि गुरे तोंड लावणार नाहीत असे देशी झुडूप मला हवे होते, आणि सोलापूरकडच्या माळावर लहानपणापासून पाहिलेल्या तरवडापलीकडे दुसरे नाव सुचले नाही.

पाचांपैकी तीनच रोपे अस्सल निघाली. ओळख पटवायला फुलांची वाट पाहावी लागत नाही. तरवडाच्या पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी रुंद, हिरवी उपपर्णे, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी छोटी पानासारखी अंगे, असतात आणि ती लवकर गळत नाहीत. ‘सेना ऑरिक्युलाटा’ या शास्त्रीय नावातला कान तो हाच. शिवाय पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानातल्या छोट्या पानांच्या, प्रत्येक जोडीच्या मध्ये एक उभी ग्रंथी (बारीक उंचवटा) दिसते. उरलेल्या दोन रोपांची उपपर्णे अगदी अरुंद होती आणि ग्रंथी फक्त खालच्या दोन-तीन जोड्यांपाशी होत्या. म्हणजे ती बागांमध्ये शोभेसाठी लावली जाणारी सेना सुरात्तेन्सिस होती. फुले दोन्हींची पिवळीधमक असल्यामुळे फलकावरच्या छायाचित्रावरून गिऱ्हाइकाला हा फरक कळणे कठीणच.

यंदा अस्सल झुडपांना फुले आली. त्यांतल्या दहा पुंकेसरांपैकी वरचे तीन वांझ असतात, आणि बाकीच्यांचे परागकोश टोकाशी असलेल्या छिद्रांतून उघडत असल्याने भुंगा फूल धरून गुणगुणत थरथरवतो तेव्हाच पराग झडतो. सकाळी हे पाहत बसावे, असे मला तरी वाटते.

दुसरी तक्रार मुळांची आहे. तरवडाचे सोटमूळ खोल जाते, परंतु ही रोपे पिशवीत फार दिवस राहिल्याने ते तळाशी वेटोळे घालून बसले होते, आणि तीनांपैकी एक रोप पहिल्याच उन्हाळ्यात वाळले. उंच रोपाच्या मोहात न पडता कोवळे रोप घ्यावे किंवा कठीण कवचाचे बी गरम पाण्यात रात्रभर भिजवून थेट जागेवर पेरावे.

चुकीची दोन रोपे रोपवाटिकेने कुरकुर न करता बदलून दिली. फलक मात्र अजून तोच आहे.