सुरतची जुनी मोटारसायकल खानदेशात आणताना: ऑनलाइन एनओसी आणि नव्या नंबरची सेवा कशी आहे

सुरत, इंदूर किंवा बऱ्हाणपूरहून जुनी मोटारसायकल घ्यायची आणि ती धुळ्याच्या एमएच-१८, जळगावच्या एमएच-१९ किंवा नंदुरबारच्या एमएच-३९ वर चढवायची, तर सगळं काम परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवरून सुरू होतं. ही परख त्याच सेवेची आहे. निकाल आधी सांगतो: पाचपैकी साडेतीन. एजंटाशिवाय काम होतं, नक्की होतं. पण मूळ मालक हाताशी नसेल तर हीच सेवा तुम्हाला महिनोन्‌महिने लटकवून ठेवते.

आधी भावाचं बोलू, कारण माणूस भाव ऐकूनच नवापूरची हद्द ओलांडतो. सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत निम्मं खानदेश राहतं, त्यामुळे ‘मामाच्या ओळखीची गाडी आहे’ असा फोन गावोगावी येतो. गाडी तिकडे स्वस्त दिसण्याचं एक सरळ कारण कर आहे. गुजरातमध्ये दुचाकीला एकरकमी कर किमतीच्या ६ टक्के. महाराष्ट्रात ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्यावर २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आणि त्याहून मोठ्या इंजिनाला १२ टक्के. म्हणजे ८०,००० रुपयांच्या सव्वाशे सीसी गाडीवर तिकडे ४,८०० आणि इकडे ८,८००. गाडी कायमची इकडे आणली की महाराष्ट्राचा कर भरावाच लागतो. फक्त गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होत जातो. ९७.२ सीसीची स्प्लेंडर १० टक्क्यांत बसते, साडेतीनशेची बुलेट १२ टक्क्यांत. सौदा करताना हा आकडा किमतीत धरला नाही तर सुरतेत वाचलेले पैसे इकडे आरटीओत जातात. तिकडे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण त्यासाठी इकडचा नंबर मिळाल्यावर पुन्हा तिकडच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो. जुन्या शंभर सीसी गाडीसाठी तो हेलपाटा परवडत नाही. दोन-तीन वर्षांच्या मोठ्या गाडीसाठी मात्र अर्ज जरूर करा.

वयाचाही हिशोब तसाच. दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेतली तर नंबर हातात पडेपर्यंत नूतनीकरणाची तारीख दारात येते, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ३०० वरून १,००० रुपये झाली आहे. शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. दहा वर्षांपुढची गाडी परराज्यातून आणू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता सेवेचा पहिला भाग, एनओसी, म्हणजे गाडी दुसरीकडे न्यायला हरकत नसल्याचा जुन्या आरटीओचा दाखला. फॉर्म २८ भरायचा आणि तो गाडी जिथे नोंदलेली आहे त्या कार्यालयाकडे, म्हणजे सुरतेच्या जीजे-०५ ला किंवा इंदूरच्या एमपी-०९ ला. पोर्टलवर गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरची शेवटची पाच अक्षरं टाकली की ओटीपी जातो, आणि तो जातो नोंदणीतल्या मोबाइलवर. सगळी मेख इथे आहे. गाडी तीन हात फिरलेली असते, मूळ मालकाने सिम बदललेलं असतं, आणि विकणारा म्हणतो, ‘भाऊ, होईल ना, टेन्शन घेऊ नका.’ ते होत नाही. पैसे देण्याआधी त्याच्यासमोर पोर्टल उघडा, ओटीपी मागवा आणि तो कोणाच्या फोनवर पडतो ते डोळ्यांनी बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण गाडीचा खरा मालक कोण ते त्यातच कळतं.

डीलरकडून घेत असाल तर आणखी एक कागद मागा. जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम काढले आणि १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी ने पोर्टलवर नोंदवायची असते. ती नोंदली की अधिकृत डीलर एनओसी आणि हस्तांतरणाचे अर्ज स्वतः करू शकतो. हा या सेवेतला सर्वांत चांगला बदल आहे. ज्याच्याकडे ही नोंद नाही आणि जो हस्तांतरणाच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वरच्या ‘खुल्या सह्या’ दाखवतो, त्याच्या दुकानात गाडी कितीही चकचकीत असली तरी पुढे चला. तिथे आपल्या अहिराणीत एकच विचारायचं, ‘कागद पुरा शेतस का भाऊ?’, आणि उत्तरात सबब आली की उठायचं.

एनओसी तीन गोष्टींवर अडते. पहिली, कर्ज. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर आधी फॉर्म ३५ आणि कंपनीचं पत्र देऊन तो उतरवावा लागतो. हप्ते फिटलेत म्हणजे बोजा उतरला असं नाही. आरसीवरून नाव निघालं पाहिजे. दुसरी, थकलेली ई-चलनं. सुरतेत हेल्मेट आणि सिग्नलची चलनं कॅमेऱ्यातून लागतात, मालकाला पत्ताही नसतो. नंबर टाकून बाकी बघा आणि विकणाऱ्यालाच भरायला लावा. तिसरी, चोरीची नोंद. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) पोर्टलवर गाडी चोरीच्या यादीत नसल्याचा दाखला निघतो, तो काढून जोडा.

चौथी अडचण आपणच ओढवून घेतो. एनओसी कोणत्या कार्यालयाच्या नावे काढायची हे अर्जात लिहावं लागतं. शिरपूरचा माणूस धुळ्यात येतो, चोपड्याचा जळगावात, शहाद्याचा नंदुरबारात. तिन्ही गावं जवळजवळ, पण कार्यालयं तीन. सुरतेतला एजंट ‘धुळिया’ टाकून मोकळा होतो आणि चोपड्याचा माणूस अडकतो, कारण दुरुस्ती जिथून एनओसी निघाली तिथेच होते. अर्ज पक्का करण्याआधी ही एक ओळ स्वतः वाचा.

कायद्याने कार्यालयाने ३० दिवसांत एनओसी नाकारली नाही तर ती मिळाली असं धरलं जातं. मोटार वाहन कायद्याच्या ४८ व्या कलमात तसं लिहिलेलं आहे. पण पोर्टलवर नोंद नसेल तर इकडची खिडकी पुढे सरकत नाही, म्हणून या कलमाच्या भरवशावर गाडी घेऊन येऊ नका.

चेसिस नंबरच्या पेन्सिल छापेवर थोडं थांबतो, कारण सर्वांत जास्त कागद इथेच परत येतात. बहुतेक गाड्यांत हा नंबर हँडलखाली, फ्रेमच्या गळ्यावर ठोकलेला असतो. तिथे ग्रीस आणि धुळीचा थर बसलेला असतो. रॉकेलच्या फडक्याने पुसायचं, कोरडं करायचं, पातळ कागद घट्ट धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी करून एकाच दिशेने घासायची. सतराही अक्षरं एका ओळीत उमटली पाहिजेत. पॉलिश पेपर चुकूनही लावू नका. घासल्याच्या रेषा दिसल्या की निरीक्षकाला नंबर खोडल्याचा संशय येतो, आणि तो येणं बरोबरच आहे. फॉर्म भरताना लक्षात ठेवा की सतरा अक्षरी चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत. गोल दिसलं तर ते शून्य, उभी रेघ दिसली तर तो एक. एवढ्या एका चुकीने अर्ज परत आलेले असतात.

छाप घेताना गाडीही तपासून घ्या. सुरतेत पावसाळ्यात खाड्यांचं पाणी वस्त्यांत शिरतं, आणि बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीट काढा, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी बोट फिरवा. बारीक गाळ लागला तर ती बुडालेली. वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, मीटरच्या काचेआड धुकं, ही तिची बाकी लक्षणं. सांगितलेलं वर्ष खरं आहे का तेही गाडीच सांगते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट सतत चालू राहतो, त्याला बटण नसतं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंत सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लागणं) आणि त्यावर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम न होणं) आलं. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस-६ मानक. २०२१ ची म्हणून दाखवलेली गाडी बीएस-४ निघाली तर सौदा तिथेच सोडा.

गाडी आणायची कशी? सुरत-धुळे रस्ता व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट आणि साक्री असा आहे. इंदूरकडून सेंधवा, बिजासन घाट, पळासनेर, शिरपूर. चालवत आणायची तर विमा, पीयूसी, आरसी आणि विकणाऱ्याचं सही केलेलं ताबापत्र तारीख-वेळेसह सोबत ठेवा. आरसीवर त्याचं नाव आहे तोवर चलन त्याच्या नावे जाणार. वेळ लिहिलेली असली की दोघांनाही बरं. अनोळखी जुन्या गाडीवर कोंडाईबारी चढण्याआधी ब्रेक लायनर आणि चेन नीट बघा. पावसाळ्यात तर रेल्वेच बरी. सुरत-भुसावळ मार्गावर जळगाव आणि भुसावळला पार्सलने गाडी येते. टाकी पूर्ण रिकामी लागते, आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, बारदानात बांधणी स्टेशनबाहेर करून मिळते. आरसे आधीच काढून घ्या, क्लच-ब्रेकच्या मुठींना जाड गुंडाळी करा, कारण चढवता-उतरवताना हेच मोडतं. पुठ्ठ्यावर कुठून-कुठे ते मोठ्या अक्षरांत लिहून दोन्ही बाजूंना बांधा. आल्यावर वेळेत सोडवली नाही तर फलाटभाडं लागतं.

दुसरा भाग इकडचा: मालकी बदल आणि नवा नंबर. फॉर्म २७ नव्या नंबरसाठी, २९ आणि ३० हस्तांतरणासाठी. सोबत मूळ आरसी, मूळ एनओसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा फॉर्म ६०. गाडीचं पहिलं बिल मिळालं तर नक्की आणा; कर मूळ किमतीवर लागतो, बिल असलं की वाद राहत नाही. घेणाऱ्याने मालकी बदलासाठी ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. ‘वर्षभर जुन्या नंबरवर फिरवा, काही होत नाही’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमातले बारा महिने नंबर बदलण्यासाठी आहेत, मालकी बदलण्यासाठी नाहीत. हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो, कारण मधल्या काळात अपघात झाला तर गाडी कागदावर तुमची नसते.

अर्ज, फी, वेळ घेणं घरबसल्या होतं. इथे पोर्टलला आम्ही पूर्ण गुण देतो. अर्धवट राहतं ते प्रत्यक्ष तपासणीत. गाडी निरीक्षकासमोर न्यावीच लागते आणि एक दिवस जातो. तिथे अडवणारी कारणं ठरलेली: मोठ्या आवाजाचा बदललेला सायलेन्सर, आरसीत काळा आणि टाकीवर लाल रंग, बंद इंडिकेटर, आरसे नाहीत. हे सगळं आदल्या दिवशी गावातल्या मिस्तरीकडे करून घ्या.

विमा लोक विसरतात. हस्तांतरण झाल्यापासून १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करायची असते, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जातो. नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही. त्याचा फरक भरावा लागतो. नवा नंबर मिळाला की पॉलिसीवर तोही चढवा.

काही जण याच ओघात परदेशातली जुनी गाडी आणण्याचं विचारतात. त्यासाठीचे नियम फार कडक आहेत: गाडी बनल्यापासून तीन वर्षांहून जुनी नको, आणखी पाच वर्षं रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचा दाखला हवा, उतरवायची फक्त मुंबई बंदरात, आणि वरून सीमाशुल्क. शंभर-दीडशे सीसीच्या गाडीसाठी यात कोणताच हिशोब बसत नाही.

नवा नंबर आला की नवी एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी लागते. जुन्या दुचाकींसाठी महाराष्ट्रात तिचा दर ४५० रुपये आणि जीएसटी असा आहे. पाटी एकदाच बसणाऱ्या लॉकनेच बसवून घ्या, साध्या नट-बोल्टने नाही. आणि आरसीचं कार्ड यायच्या आधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून चार गोष्टी बघा: तुमचं नाव आधारप्रमाणे आहे का, मालकाचा क्रमांक (कितवा मालक) एकाने वाढला का, बोजाच्या रकान्यात काही उरलं नाही ना, आणि मोबाइल नंबर तुमचाच आहे का. चौथी गोष्ट चुकली असेल तर ती त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या, कारण पुढच्या वेळी ही गाडी विकताना ओटीपी त्याच नंबरवर जाणार आहे.