रक्तपेढीतील प्लेटलेटदान : एका नियमित दात्याचा अभिप्राय

पुण्यातील एका धर्मादाय रक्तपेढीत गेली चार वर्षे मी प्लेटलेटदान करतो आहे. तेथील सेवा, एक उणीव वगळता, मला अतिशय चांगली वाटली.

सुई टोचण्यापूर्वी रक्ताचा नमुना तपासून प्लेटलेटची संख्या 1.5 लाखांहून अधिक आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 असल्याची खात्री प्रत्येक वेळी केली जाते. त्यानंतर तास-दीड तास यंत्र रक्त घेऊन त्यातील प्लेटलेट वेगळ्या काढते आणि तांबड्या पेशी परत शरीरात सोडते. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात मिसळल्या जाणाऱ्या सायट्रेटमुळे ओठांना मुंग्या येऊ लागल्या की तंत्रज्ञ लगेच यंत्राचा वेग कमी करतात.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते तेथील डॉक्टरांचे समजावून सांगणे. प्लेटलेट 48 तासांनंतर पुन्हा देता येतात, मग संपूर्ण रक्तदानासाठी पुरुषांनी तीन आणि स्त्रियांनी चार महिने का थांबायचे, असे मी विचारले होते. अस्थिमज्जेतील महाकाय पेशींचे तुकडे सुटून प्लेटलेट बनतात आणि त्या जेमतेम आठ-दहा दिवस टिकतात, त्यामुळे त्यांची भरपाई सतत चालूच असते. तांबडी पेशी मात्र सुमारे 120 दिवस जगते, आणि मज्जा सेकंदाला वीसेक लाख नव्या तांबड्या पेशी घडवत असली तरी दान केलेल्या रक्ताची भरपाई व्हायला कित्येक आठवडे लागतात, असे त्यांनी गर्दीच्या वेळीही शांतपणे सांगितले.

उणीव आहे ती लोहाबद्दलच्या मौनाची. संपूर्ण रक्तदानात 450 मिलिलिटर रक्ताबरोबर 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. नव्या पेशींना लागणारे बहुतेक लोह प्लीहा आणि यकृत जुन्या पेशी मोडून परत मिळवतात, आहारातून दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषले जाते. म्हणून हा साठा भरायला कित्येक महिने लागू शकतात. याच संस्थेच्या शिबिरांत मी लागोपाठ रक्त दिले, आणि पुढच्या खेपेस हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवला गेलो, तेव्हाच हे मला कळले. दानानंतर कॉफी-बिस्किटे आग्रहाने देणाऱ्या संस्थेने नियमित दात्यांची, विशेषतः स्त्रियांची, फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या प्रथिनाची, तपासणी सुचवावी, अशी लेखी विनंती मी केली आहे.

प्रथमच जाणाऱ्यांनी आधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेऊ नये, पोटभर जेवून जावे आणि हाताशी दोन-अडीच तास ठेवावेत.